ताताच्या ताण्याला मुंग्या

शकीला सिस्टरनी मला वाचवलं. हे आधीच लिहून टाकतो, कारण मला मूळ गोष्टीवर यायला वेळ लागतो, आणि सांगता सांगता त्यांचं नाव मागं राहिलं तर मला झोप लागणार नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी, पिठाच्या गिरणीला लागून त्यांचं घर होतं. महापालिकेच्या दवाखान्यात नर्स होत्या. उंचीनं कमी, आवाजानं भरपूर. त्यांच्या हाती मी लागलो तेव्हा सोळा वर्षांचा होतो, आठवीतून शाळा सोडलेली होती आणि अंगातलं पाणी बरंचसं संपत आलं होतं. ज्यांच्या घरी मी राहायचो त्या अक्काचे आणि तिच्या सासऱ्याचे, म्हणजे ताताचेही उपकार आहेतच. पण त्या दिवशी त्या दोघांच्या हातून जे झालं ते बघता त्यांचा नंबर दुसरा.

आमचं गाव नातेपुत्याच्या पुढं. सोलापूरला यायला तेव्हा दोन एस्ट्या बदलायला लागायच्या आणि मी दोन्हीतही ओकलो. दुसऱ्या एस्टीतल्या कंडक्टरनं मला खिडकीशी बसवलं आणि बाकीच्यांना सांगितलं, "ह्याच्या मागच्या खिडक्या लावून घ्या." गावातून निघताना वडील म्हणाले होते, "शहराचं पाणी बाधलं की गप परत यायचं. हितं म्हशी हायतच." म्हशींचं नाव ते असं घ्यायचे की वाटावं, त्या माझ्या नावाचा दाखला घेऊन गोठ्यात वाट बघत उभ्या आहेत. मला परत जायचं नव्हतं. शाळेत माझं एक वाक्य कधी दुसऱ्याला धड जोडलं गेलं नाही. पण टॉवेलाच्या कारखान्यात आल्यावर आठ दिवसांत कळलं की तुटलेला धागा मला डोळे झाकून जोडता येतो. आमचा मुकादम कुणाचं कौतुक करणारा नव्हे, तोही एकदा माझी गाठ नखानं चाचपून "हं" म्हणाला. ते "हं" मी गावी पत्रात लिहून पाठवलं होतं. आता असल्या माणसानं आजारी पडून वडिलांना खरं ठरवायचं म्हणजे काय!

अक्काचं घर विणकरांच्या वस्तीत. घरात तेलुगू, दारात मराठी, नळावर दोन्ही. तिचा नवरा भिवंडीला मागावर होता, वर्षातून दोनदा यायचा. घरात ती, ताता आणि माळ्यावर भाड्यानं राहणारा मी. आजूबाजूच्या सगळ्या घरांतून यंत्रमागांची खडखड चालायची, इतकी, की वीज गेली की शांततेनं दचकायला व्हायचं. त्या सगळ्या धावपळीत ताताचा एकटा हातमाग, ठक... आणि मग जरा थांबून... ठक. पळणाऱ्यांच्या घोळक्यात एखादा म्हातारा काठी टेकत चालावा तसा. ताता पंचे विणायचे. नव्या ताण्याचे दिवस आले की सकाळीच गल्लीत उभे धागे या टोकापासून त्या टोकापर्यंत लाकडी घोड्यांवर पसरायचे आणि तांदळाची पातळ खळ करून, तीत थेंबभर शेंगदाण्याचं तेल टाकून, मोठ्या कुंचल्यानं धाग्यांवर ओढायचे. तेवढा वेळ गल्लीतून सायकल जात नसे. जेवण मात्र मला पहिले काही महिने कळत नव्हतं: चिंचेचं आंबट कालवण, त्यावर भात, भातावर परत कालवण. मग अक्कानं माझा चेहरा वाचला असावा, कारण रोज एक कडक भाकरी आणि शेंगांची चटणी माझ्या ताटात यायला लागली. मी कशालाच नको म्हणायचो नाही. दुसऱ्याच्या घरात राहायचं तर तक्रार करायची नाही, वाढतील ते खायचं, असा माझा नियम होता. आजही मी लग्नात चौथी जिलबी भीतीनं खातो.

आजार आला तो मात्र अक्काच्या ताटातून नव्हे, माझ्याच पत्र्याच्या पेटीतून. आईनं गावच्या एका माणसाबरोबर पुरणपोळ्या पाठवल्या होत्या. मी पहिल्या दिवशी दोन खाल्ल्या, आणि मग एकदम मनात आलं की या संपल्या की आईच्या हातचं संपलं. म्हणून रोज अर्धी. फडक्यात बांधून शर्टांच्या खाली ठेवायचो आणि वरून कुलूप. सोलापूरचा उन्हाळा, वर पत्रा, त्याखाली माळा, माळ्यावर पेटी, पेटीत पुरण! सहाव्या दिवशी घास आंबट लागला. मला वाटलं, इथलं चिंचेचं खाऊन माझी जीभच आंबट झाली असणार. सातव्या दिवशी पोळी बोटाला तार सोडत होती. तीही खाल्ली. आईच्या हातचं टाकून कसं द्यायचं?

पहाटे सुरू झालं. आधी तोंडाला पाणी सुटलं, मग ओकारी, मग पोटात कळ, आणि मग टमरेल घेऊन गल्लीच्या टोकाच्या संडासाकडं पळापळ. तिथं रांग असायची. चौथ्या फेरीला रांगेतली माणसं मला बघून आपोआप बाजूला व्हायला लागली. असा मान मला नंतर आयुष्यात कधी मिळाला नाही. त्या दिवशी मी कारखान्यात सुट्टी सांगितली, अक्काला म्हटलं डोकं दुखतंय, आणि माळ्यावर पडून माझ्या बुद्धीनं एक हिशेब केला: आत गेलं नाही तर बाहेर येणार नाही. म्हणून पाण्याचा थेंब बंद. रात्रीपर्यंत घसा वाळला, पण फेऱ्या चालूच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खरंच घाबरलो. पाणी पीत नाही, तरी पाणी जातंय, तर ते येतंय कुठून? मला वाटायला लागलं की माझ्या आत कुठंतरी झरा फुटलाय.

नवव्या की दहाव्या फेरीला अक्का जिन्याच्या तळाशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिनं माझ्या डोळ्यांकडं बघितलं, "अय्यो" म्हणाली आणि तशीच अनवाणी गिरणीकडं गेली. शकीला सिस्टर दवाखान्यात निघाल्या होत्या; इस्त्रीची पांढरी साडी, हातात डबा. अक्का त्यांना वाटेतच सांगत आणत होती. "सिस्टरबाई, ह्ये पोरगं कालपासून टमरेल घेऊन जातंय आणि येतंय, जातंय आणि येतंय. मागावरचा धोटा बी एवढा फिरत न्हाय की!"

सिस्टरनी माझी जीभ बघितली, हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी लगेच खाली बसायला पाहिजे होती. ती सावकाश, कंटाळून बसली. "पानी पिया?"

"न्हाई."

"कायकू नई?"

मी माझा हिशेब सांगितला. सिस्टरनी डबा खाली ठेवला. "वा रे हुशार. मास्तरांनी तुला शाळेतून काढलं का तू शाळेला काढलंस?" मग म्हणाल्या, "लघवी कधी झाली?" मला आठवेना. त्या गंभीर झाल्या. "ऐक. आत्ता उलटी थांबलीये, शुद्धीवर आहेस, घोट घोट पिऊ शकतोस, म्हणून घरी ठेवते. मी संध्याकाळी येते. दिवे लागायच्या आत लघवी झाली तर ठीक. नाही झाली तर सलाईनला मोठ्या दवाखान्यात नेणार आणि तुझ्या बापाला तार करणार. मध्येच हा ग्लानीत गेला, नाहीतर पाणी पोटात ठरेना झालं, तर मात्र संध्याकाळ बघायची नाही, अक्का. लगेच रिक्षा."

तार! तार गेली की वडील येणार, आणि वडील आले की पुढं म्हशी. मी हात जोडून म्हटलं, "सिस्टर, काय पण करतो, तार नको." त्या म्हणाल्या, "काय पण नको करू, एकच कर." अक्कानं पदर तोंडाला लावला.

मग त्यांनी दोरीवरचा माझा टॉवेल ओढला. कारखान्यातला, कड चुकली म्हणून बाजूला काढलेला. "हा तुम्हीच विणता ना? ह्याच्या अंगावर हे बारीक फासे कशाला ठेवता?"

"पाणी शोषायला."

"तुझ्या आतड्याला आतून असेच फासे आहेत. ह्यापेक्षा किती तरी बारीक, डोळ्यांना दिसत नाहीत. आता बघ. तू पितोस ते पाणी थोडंच. त्याशिवाय अंगातूनच पाणी आत सुटतं. लाळ, पोटातला रस, पित्त, आतड्याचा स्वतःचा रस, असं रोजचं घागरभर. कशाला? तुझी ती कडक भाकरी पातळ करायला. पुढं पुढं जाताना हे फासे ते सगळं परत ओढून रक्तात घेतात. एका हातानं सोडायचं, दुसऱ्या हातानं ओढायचं, रोज, तुला पत्ताही नाही. आता जंतू शिरलेत. त्यांनी सोडायचा नळ उघडाच ठेवला आणि ओढणारे हात ढिले पाडले. तू वरून पी नाहीतर नको पी, खालून चालूच. ते तुझ्या रक्तातलं पाणी आहे, बाबा."

झरा नव्हता तर. मीच होतो! मला रडू आलं, पण डोळ्यांतून पाणी येईना, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "बघ, रडायलासुद्धा शिल्लक नाही."

औषध अगदी साधं निघालं. उकळून गार केलेलं पाणी, त्यात साखर आणि जरासं मीठ, दोन्ही चमच्यानं मोजून. अक्काला ते पटेना. "नुसतं पाणी दिलं तर?" सिस्टर म्हणाल्या, "नुसतं पाणी त्या फाशांना नीट धरता येत नाही. त्यांना एक दार असतं. तिथं मीठ आणि साखर जोडीनं आली की दार उघडतं, आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत जातं. जुलाब चालू असले तरी ते दार बंद पडत नाही. पण एकटं मीठ आलं, चालत नाही. एकटी साखर आली, चालत नाही."

अक्काचा चेहरा उजळला. "म्हणजे सत्यनारायणाला बसल्यासारखं. जोडीनंच पायजे."

"हौ, तसंच," सिस्टर म्हणाल्या. त्यांना तेवढ्यानं बरं वाटलं असावं, कारण मी "मग ओकारी कशी येते?" असं विचारल्यावर घड्याळाकडं बघत बघतही त्या बसल्या. "तुमच्या कारखान्यात मुकादम असतो ना? तुझ्या मेंदूच्या बुडाशी एक बसलाय. सगळीकडून तक्रारी त्याच्याकडं. पोट सांगतं, माल खराब आलाय. कान सांगतात, एस्टी हलतीये. नाक सांगतं, वास येतोय. मन सांगतं, मला भीती वाटतीये. तक्रार कुठलीही असो, त्या मुकादमाला हुकूम एकच देता येतो, बाहेर काढा! मग तोंडाला पाणी सुटतं, दात आंबटानं खराब होऊ नयेत म्हणून. पोटाचे स्नायू आवळतात, वरचं दार ढिलं पडतं, आणि झालं. पोट बिचारं स्वतः काही करत नाही, त्याला पिळतात." मग माझ्याकडं रोखून बघत विचारलं, "तर माल कुठला होता? काय खाल्लंस?"

अक्का समोर उभी होती. आईचं नाव घ्यायला जीभ रेटेना. मी म्हटलं, "घरचंच. चिंचेचं कालवण."

 अक्कानं चुलीवरच्या पातेल्याकडं बघितलं, जसं काय ते तिच्याशी खोटं बोललं होतं. ते बघणं मला पोटातल्या कळेपेक्षा जास्त लागलं. गल्लीतल्या दोन बायका दारात येऊन ऐकत होत्या. मी माळ्यावरची पेटी खाली आणायला सांगितली, किल्ली दिली. फडकं सोडल्यावर सिस्टरनी वास घेतला आणि हातभर मागं सरल्या. "अरे अल्ला. हे किती दिवसांचं?" मी सांगितलं. अक्कानं ते फडकं बघितलं, मला बघितलं, आणि म्हणाली, "येडं रे येडं. संपली असती तर मी केली असती की. मला काय पुरण येत न्हाय?"

सिस्टर गेल्या. अक्कानं पाणी उकळलं, चमचे मोजले. पण आजारी पोराला नुसतं पाणी द्यायचं तिच्या हाताला पटेना. म्हणून तिनं त्यात भाताची पातळ पेज घातली, साखर आणि मीठ जोडीनं घातलं, आणि पातेलं गार व्हायला ओट्यावर ठेवलं. त्याच ओट्यावर, तशाच जर्मनच्या पातेल्यात, ताताची खळ गार होत होती. त्या दिवशी नवा ताणा पसरायचा होता. ताताच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, आणि खळ नि पेज दोन्ही पांढरी. ताता एक पातेलं उचलून गल्लीत गेले. अक्कानं दुसऱ्यातनं वाटी भरून मला पाजली.

पहिला घोट दाट लागला. दुसऱ्याला तेलाचा वास आला. गोड नाही, खारट नाही, कागद चिकटवायचा डिंक लावल्यासारखी जीभ टाळूला चिकटली. मला वाटलं, औषध म्हटलं की असंच असणार. तक्रार करायची नाही, हा नियम होताच. पाच पाच मिनिटांनी अक्का वाटी पुढं करायची, मी डोळे मिटून गिळायचो, आणि "कसं लागतंय?" म्हटलं की "लई चांगलं" म्हणायचो. बाहेरून ताताची कुरकुर ऐकू यायची. आज तांदूळ वाईट आलाय, खळ पाण्यासारखी झालीये, धाग्याला धरत नाही. दुपार झाली. सिस्टरनी सांगितलेलं काही होईना. गिरणीवाली बाई दारातून विचारून गेली, "झाली का?" मग समोरच्या घरातला म्हातारा. मग आमच्या मुकादमानं जेवणाच्या सुट्टीत माणूस पाठवला, तोही तेच विचारायला. अख्खी गल्ली माझ्या लघवीची वाट बघत होती, आणि लाजेनं उरलंसुरलं पाणीही आटत होतं. ऊन भिंतीवर चढत गेलं तसे मला माळ्यावर म्हशींचे डोळे दिसायला लागले.

तेवढ्यात गल्लीतून ताताची आरोळी आली. "चीमलु! अय्यो, चीमलु!"

मला तेलुगू येत नव्हतं, पण अक्काच्या मागं भिंत धरत धरत दारापर्यंत गेलो आणि कळलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेल्या पांढऱ्या धाग्यांवर मुंग्यांच्या रांगा चालल्या होत्या. गिरणीच्या भिंतीतून निघून, घोड्यावर चढून, धाग्याधाग्यानं, जसा काय त्यांच्यासाठीच पूल बांधला होता. ताता कुंचला उलटा धरून त्यांना झटकत होते आणि मुंग्या त्यांच्या हातावरून पुढं जात होत्या. आयुष्यभर खळ लावली, म्हणाले, मुंगी कधी आली नाही.  अक्कानं वाकून एका धाग्याला बोट लावलं, आणि बोट तोंडात घातलं.

"गोड हाय," ती म्हणाली. मग परत चाखून, "आणि खारट." मग वळून माझ्याकडं बघितलं. "तू सकाळपासून काय पितोयस रे?"

"औषध," मी म्हटलं.

"लई चांगलं म्हणालास की!"

"तुमाला वाईट वाटू नये म्हणून."

ताताला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांनी कुंचला खाली ठेवला, माझ्याकडं आले, आणि माझ्या पोटावर नखानं टिचकी मारून कान लावला. "खळ चांगली लागलीये," म्हणाले. "ह्याला आता मागावर चढवा." गल्ली हसायला लागली. मीही हसलो, आणि हसताना पोट दुखलं.

अक्कानं नव्यानं पाणी उकळलं. यावेळी पेज नाही, काही नाही, सिस्टरनी सांगितलं तेवढंच, आणि ते पातेलं मांडीवर घेऊन बसली. घोट घोट. ते पाणी आसवांसारखं लागलं, आणि गंमत म्हणजे ते पोटात गेल्यावर ठरलं. सावल्या लांब झाल्या. जीभ ओली झाली. समोरच्या घरात कुणीतरी दिव्याची काच पुसायला घेतली, तेव्हा मी उठलो, टमरेल न घेता मोरीत गेलो, दार ओढलं. बाहेर सगळे बोलायचे थांबले. यंत्रमाग चालूच होते, पण माणसं थांबली हे कळत होतं. मग जे झालं ते थोडंच होतं, पण आवाज स्वच्छ आला.

"झाली!" अक्का ओरडली. गिरणीवाल्या बाईनं पुढं सांगितलं, तिनं आणखी पुढं. शकीला सिस्टर गल्लीच्या तोंडाशी आल्या तेव्हा त्यांना माझ्याआधी सहा जणांनी बातमी दिली होती. त्यांनी येऊन कातडी चिमटीत धरली, सोडली, मान हलवली. अक्कानं खळीची सगळी गोष्ट सांगितली. सिस्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तांदळाची होती म्हणून वाचलास. मीठ नव्हतं म्हणून अडलास. आणि चव सांगितली असतीस तर दुपारीच मोकळा झाला असतास. आजारी माणसानं सभ्यपणा करायचा नसतो, समजलं?" तार गेली नाही. म्हशींना माझ्याशिवायच राहावं लागलं. आईला पोळ्यांचं मी कधीच सांगितलं नाही. "सगळ्या संपवल्या" एवढंच लिहिलं, आणि ते फारसं खोटं नव्हतं.

माझी नात सायन्सला आहे. हे प्रकरण तिला वाचून दाखवलं तर तिनं मोबाईलवर बघितलं आणि म्हणाली, "आजोबा, मीठसाखरेच्या दाराचं खरंय. फासे पण खरे आहेत." मी म्हटलं, मला माहीत आहे, मी ते आतून बघितलंय. ताताचा तो ताणा त्यांनी धुतला नाही, तसाच विणला. त्यातला एक पंचा मला दिला. पहिल्या धुण्यापर्यंत माझ्या अंगावर मुंग्या चढत होत्या.

नंतर मी धागे जोडता जोडता माग चालवायला लागलो, पुढं मुकादमही झालो, "हं" म्हणायला लागलो. पहिला धड टॉवेल विणला तेव्हा घडी करून शकीला सिस्टरना दिला. आठ दिवसांनी भेटल्यावर त्या म्हणाल्या, "दिखने में अच्छा है, मगर पानी नई पीता." नव्या टॉवेलात खळ असते, ती चार धुण्यांनंतर निघते, तेव्हा कुठं फासे मोकळे होतात, हे मला त्यांना सांगायचं सुचलं नाही. मी लाजून घरी आलो. आता त्या मंद्रूपला मुलीकडं असतात, ऐकू कमी येतं, पण आवाज तसाच आहे म्हणतात. मी एक टॉवेल काढून ठेवलाय. स्वतः विणलेला, शेवटचा. तीन वेळा धुवून झालाय, दोरीवर आहे. आणखी एकदा धुतो, बादलीत बुडवून बघतो किती पाणी पितो ते, आणि मंद्रूपला घेऊन येतो, सिस्टर. यावेळी एस्टीत ओकलो तरी येतो.